‘ध’चा ‘मा’ आणि मुलांच्या मेंदूतील गाठी

कर्करोग हा शब्द कानावर पडला की आपल्या मनात येणारा पहिला प्रश्न असतो, ‘त्याला कसले व्यसन होते हो?’ आपल्या भागात हा प्रश्न अगदी साहजिक आहे. निपाणीच्या तंबाखूने या जिल्ह्यात कित्येकांचे संसार उभे केले, आणि तंबाखूनेच कित्येकांचे जबडे आणि घसे पोखरले. तंबाखूचा रस किंवा धूर वर्षानुवर्षे पेशींना छळतो, पेशींच्या जनुकांत बिघाडामागून बिघाड साचत जातात आणि पन्नाशी-साठीच्या सुमारास गाठ हाताला लागते. कारण आणि परिणाम यांचा हा हिशेब आपल्याला पटतो. दोष कोणाच्या पदरात घालायचा हेही ठरवून टाकता येते.

पण रोगी तीन वर्षांचा असेल तर? लहान मुलांत गाठीच्या स्वरूपात होणाऱ्या कर्करोगांत मेंदूतील गाठींचा क्रमांक पहिला लागतो. अशा मुलाचे आईवडील डॉक्टरांसमोर बसले की उपचाराच्याही आधी विचारतात, ‘आमचे काय चुकले?’ गरोदरपणात काही भलते खाण्यात आले का, मूल पाळण्यातून पडले होते ते भोवले का, ग्रहणात काही कापले-चिरले का, अशा शंकांची भर घालायला शेजारीपाजारी असतातच.

या प्रश्नाला गेल्या पंधरा-वीस वर्षांत प्रथमच नेमके उत्तर देता येऊ लागले आहे. ते उत्तर काय, ते कसे हाती आले आणि त्यामुळे मुलांच्या पदरात काय पडले, एवढेच या लेखात सांगायचे आहे. कला व वाणिज्य शाखेच्या वाचकांनी पाने उलटू नयेत. विषय वाटतो तितका अवघड नाही.

प्रथम अगदी प्राथमिक गोष्ट. आपल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डी. एन. ए. नावाची दोन मीटर लांबीची मजकुराची फीत गुंडाळून ठेवलेली असते. मजकूर चारच अक्षरांत लिहिलेला असतो. ए, टी, जी आणि सी. एका आईची आणि एका बापाची अशा मजकुराच्या दोन प्रती, आणि प्रत्येक प्रतीत सुमारे तीन अब्ज अक्षरे. या मजकुरातील एकेक अर्थपूर्ण परिच्छेद म्हणजे जनुक, आणि जनुकात लिहिलेल्या हुकुमावरून पेशी एकेक प्रथिन तयार करते. पेशी दुभंगण्यापूर्वी सगळ्या मजकुराची नक्कल करावी लागते. कुठल्याही नकलनवीसाप्रमाणे पेशीच्या हातूनही चुका होतात. त्यातल्या जवळजवळ सगळ्या तिथल्या तिथे दुरुस्त होतात, काही राहून जातात.

पेशवाईतील ‘ध’चा ‘मा’ आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. नारायणरावाला ‘धरावे’ असा हुकूम होता, त्यातले एक अक्षर फिरवून कोणी ‘मारावे’ केले आणि १७७३ साली शनिवारवाड्यात खून पडला, अशी ती कथा. इतिहासाचे प्राध्यापक तिच्यावर कितपत विश्वास ठेवतात ते बाजूला ठेवू. एका अक्षराने हुकूम फिरतो हे मात्र जनुकशास्त्रात रोज पाहायला मिळते. तिथे आळ आनंदीबाईवर येतो. इथे आनंदीबाई कोणी नसते. नक्कल करता करता अक्षर चुकते इतकेच.

आता मेंदूकडे वळू. प्रौढ माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांपैकी जवळजवळ ६९ अब्ज डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूत दाटीवाटीने बसलेल्या असतात. ही सारी वस्ती एका फलित अंड्यापासून थोड्या महिन्यांत उभी राहायची. त्या काळात पेशींना दोन प्रकारचे हुकूम मिळत असतात. ‘वाढा, दुप्पट व्हा’ हा पहिला. आणि ‘पुरे आता, मोठे व्हा, कामाला लागा’ हा दुसरा. मुलांच्या मेंदूतील गाठींचे मर्म या दुसऱ्या हुकुमात आहे. तो हुकूम पोचलाच नाही, किंवा पोचून वाचता आला नाही, की पेशींचा एक घोळका बालपणातच अडकून राहतो आणि दुपटीने वाढतच राहतो. प्रौढांचा कर्करोग झिजेतून आणि माऱ्यातून येतो. मुलांचा कर्करोग अर्धवट राहिलेल्या बांधकामातून येतो.

याला पुरावा काय? अमेरिकेतील संशोधकांनी २०११ साली मेड्युलोब्लास्टोमा या लहान मेंदूतील गाठीची सगळी जनुके वाचून काढली. एकेका गाठीत सरासरी ११ बिघाड सापडले. प्रौढांच्या गाठींत आढळणाऱ्या बिघाडांच्या पाचपट ते दहापट कमी! काही बालगाठींत तर एकच ठळक बिघाड मिळतो. तान्ह्या मुलांत होणारी ए. टी. आर. टी. नावाची अत्यंत आक्रमक गाठ घ्या. तिच्यात २२व्या गुणसूत्रावरील एक जनुक नाहीसे झालेले असते (हे १९९८ साली कळले), आणि त्याखेरीज मजकूर जवळपास स्वच्छ असतो. साठ वर्षांच्या विडीकामगाराच्या फुप्फुसात हजारोंनी चुका मिळाव्यात आणि तितक्याच घातक बालगाठीत एखाद-दुसरी मिळावी, हे पाहून संशोधकही चक्रावले होते. चूक मोक्याच्या जागी आणि मोक्याच्या वेळी झाली तर एकही पुरते.

मेड्युलोब्लास्टोमाची थोडी तपशिलात ओळख करून घेऊ, कारण तिची कथा मोठी रंजक आहे आणि तिचा पहिला अध्याय आपल्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत घडल्यासारखा आहे.

हार्वे कुशिंग आणि पर्सिव्हल बेली या दोघांनी १९२५ साली या गाठीला नाव दिले. ‘मेड्युलोब्लास्ट’ नावाच्या आद्यपेशीपासून ती होत असावी असा त्यांचा तर्क होता. तशी पेशी आजवर कोणाला सापडलेली नाही. नाव मात्र शंभर वर्षे टिकले आहे. त्यानंतर अर्धशतकाने, या गाठीशी काही एक संबंध नसलेले क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस हे दोघे जर्मनीतील हायडेलबर्ग येथे फळमाशीच्या अळ्या तपासत बसले होते. पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारी ही माशी जनुकशास्त्राचे विद्यार्थी चांगली ओळखतात. जनुके बिघडवून अळीच्या शरीराचा आराखडा कसा विसकटतो ते पाहायचे, असा त्यांचा उद्योग. एक जनुक बिघडले तेव्हा अळीच्या अंगावर सर्वत्र बारीक काटे उगवले, म्हणून त्यांनी त्याला ‘हेजहॉग’ या काटेरी प्राण्याचे नाव दिले. हे काम १९८० साली प्रसिद्ध झाले आणि १९९५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे हेच जनुक सस्तन प्राण्यांतही सापडले. त्याच्या एका भावंडाला एका विनोदी संशोधकाने व्हिडिओ गेममधील पात्रावरून ‘सॉनिक हेजहॉग’ म्हटले. आपल्या मुलाच्या आजाराच्या कागदावर हे नाव वाचणाऱ्या बापाला काय वाटत असेल, याचा विचार नाव ठेवताना कोणी केला नसावा.

सॉनिक हेजहॉगचे काम काय? बाळ जन्मल्यानंतरही काही महिने लहान मेंदूच्या पृष्ठभागावर ग्रॅन्यूल पेशींचा एक थर भराभर वाढत असतो. खालच्या थरातील पुर्किंजे पेशी सॉनिक हेजहॉग हे प्रथिन सोडतात आणि वरच्या पेशींना ‘वाढा’ असा निरोप देतात. वरच्या पेशींच्या अंगावर ‘पॅच्ड’ नावाचा ब्रेक असतो. निरोप आला की ब्रेक सुटतो, निरोप थांबला की पुन्हा लागतो. पॅच्डचे जनुक बिघडले तर ब्रेकच नाही. निरोप येवो न येवो, पेशी वाढत राहतात. मेड्युलोब्लास्टोमाच्या एका प्रकाराचे हेच कारण. गॉर्लिन नावाच्या आनुवंशिक विकारात हे जनुक जन्मतःच बिघडलेले असते, आणि त्या विकाराच्या काही मुलांत ही गाठ होते. १९९६ साली तो दुवा जुळला. दुसऱ्याच वर्षी, पॅच्डची एकच चांगली प्रत असलेल्या उंदरांत तशीच गाठ होते हे दिसून आले.

आता या कथेतील एक विलक्षण वळण पाहा. १९५० च्या दशकात अमेरिकेतील आयडाहो राज्यात मेंढपाळांच्या कळपांत एकाच डोळ्याची कोकरे जन्मू लागली. शोध घेता घेता कळले की गाभण मेंढ्या डोंगरउतारावरची एक रानटी लिलीसारखी वनस्पती खात होत्या. तिच्यातील विषारी द्रव्याला ग्रीक पुराणातील एकाक्ष राक्षसावरून ‘सायक्लोपामाइन’ असे नाव मिळाले. चाळीसेक वर्षांनी उलगडा झाला, तो असा की हे द्रव्य हेजहॉगचा निरोपच बंद पाडते. गर्भात हा निरोप नसेल तर चेहऱ्याचे दोन भाग वेगळे होत नाहीत, दोन डोळे होत नाहीत. ज्या निरोपाने चेहरा घडतो, लहान मेंदू घडतो, तोच बेसुमार झाला की गाठ होते. मग सायक्लोपामाइनसारखेच काम करणारे औषध गाठीवर चालेल का?

चालले. व्हिस्मोडेजिब नावाचे असे औषध २०१२ साली अमेरिकेत त्वचेच्या एका कर्करोगासाठी मान्य झाले आणि मेड्युलोब्लास्टोमाच्या काही रुग्णांतही त्याने गाठ आटवली. पण दोन अडचणी आल्या. पहिली अशी की ब्रेकच्या खालच्या टप्प्यावर बिघाड असेल तर औषध निष्प्रभ ठरते. वरचा नळ बंद करून खालची फुटलेली वाहिनी थांबत नाही. तान्ह्या मुलांच्या गाठींत बऱ्याचदा असाच खालचा बिघाड असतो. दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे. हेजहॉगचा निरोप हाडांच्या वाढत्या टोकांनाही लागतो. उंची वाढण्याच्या वयात हे औषध दिले तर ती टोके वेळेपूर्वी कायमची मिटतात आणि मुलाची वाढ खुंटते. म्हणून वाढ पुरी न झालेल्या मुलांना ते सहसा देत नाहीत. मुलाला घडवणारी यंत्रणाच गाठीने पळवलेली असते. तिच्यावर वार करावा तर मुलावरही होतो. या साऱ्या क्षेत्राचे दुखणे इथे आहे, आणि प्रौढांची औषधे लहान मात्रेत देऊन ते सुटत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमाच्या गाठी मुळात चार निरनिराळ्या जातींच्या असतात, असे २०१२ साली तज्ज्ञांनी एकमताने मान्य केले. हेजहॉगची जात ही त्यांतील एक. तिसऱ्या आणि चौथ्या जातीला अजून धड नावही नाही, त्यांना ‘गट ३’ आणि ‘गट ४’ एवढेच म्हणतात; त्यांतील तिसरी सर्वांत वाईट. मला लिहायचे आहे ते उरलेल्या जातीविषयी, जिला ‘विंट’ असे म्हणतात. बीटा-कॅटेनिन या प्रथिनाच्या जनुकात एक अक्षर चुकते, प्रथिन वेळच्या वेळी मोडीत निघत नाही, साचत जाते आणि पेशीला वाढण्याचा हुकूम देत राहते. गाठ दिसायला इतर तिघींइतकीच भयानक. पण योग्य उपचार मिळालेल्या विंट जातीच्या मुलांपैकी शंभरात नव्वदाहून अधिक मुले बरी होतात!

असे का व्हावे? मेंदूतील रक्तवाहिन्यांभोवती एक कडक पहारा असतो. रक्तातील औषधे सहजी मेंदूत शिरू शकत नाहीत. विंट जातीच्या गाठीतील रक्तवाहिन्या मात्र गळक्या असतात. पहारा नाही, त्यामुळे केमोथेरपीचे औषध थेट गाठीत मुरते. गाठीच्या जनुकांतील चुकीनेच तिच्या नाशाची वाट उघडी ठेवलेली असते. हे स्पष्टीकरण २०१६ साली उंदरांवरील प्रयोगांतून पुढे आले.

हे कळून फायदा काय, असे कोणी विचारील. फायदा असा की या गाठीवर शस्त्रक्रियेनंतर संपूर्ण मेंदूला आणि पाठीच्या कण्याला किरण द्यावे लागतात आणि वाढत्या मेंदूवर ते किरण कायमचा ओरखडा उठवतात. बरी झालेली मुले पुढे शाळेत मागे पडतात, काहींची उंची खुंटते, काहींना संप्रेरकांची औषधे जन्मभर घ्यावी लागतात. जी मुले बरी होणारच आहेत त्यांना किरणांची मात्रा कमी करता आली तर त्यांचे उभे आयुष्य सावरेल. त्यासाठी गाठीची जात ओळखता आली पाहिजे.

इथे आपल्याकडच्या कामाचा उल्लेख आवश्यक आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राची संशोधन शाखा नवी मुंबईत खारघरला आहे. तेथील डॉ. नीलम शिरसाट यांच्या प्रयोगशाळेने २०१३ साली अशी एक चाचणी प्रसिद्ध केली की जिच्यात गाठीचा ताजा, गोठवलेला तुकडा लागत नाही. रुग्णालयात मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला नेहमीचा तुकडा पुरतो, आणि त्यातील सूक्ष्म आर. एन. ए. मोजून चारांपैकी जात ओळखता येते. ज्या देशात गोठवलेले तुकडे ठेवण्याची सोय मोजक्या ठिकाणीच आहे, तिथे या गोष्टीचे मोल मोठे. त्याच टाटा केंद्रात विंट जातीच्या मुलांना पाठीच्या कण्याचे किरण पूर्णपणे वगळून पाहण्याचा एक सावध प्रयोगही झाला. काही मुलांत गाठ अन्यत्र पुन्हा उगवली, तेव्हा तो मुदतीपूर्वीच थांबवण्यात आला, आणि पुढे किरण वगळण्याऐवजी त्यांची मात्रा कमी करण्याचा मार्ग धरला गेला. अशा फसलेल्या प्रयोगांचे वृत्तान्त प्रामाणिकपणे छापले जातात, ही मला विज्ञानातली मोठी गोष्ट वाटते.

आता त्या गाठीकडे येऊ, जिच्यासमोर वैद्यकशास्त्र अजूनही हतबल आहे. १९६९ साली चंद्रावर पहिले पाऊल टाकणाऱ्या नील आर्मस्ट्राँगला कॅरन नावाची मुलगी होती. मेंदूच्या देठातील गाठीने ती जानेवारी १९६२ मध्ये वारली; तिला तीन वर्षेही पुरी झाली नव्हती. तिला किरणोपचार दिले गेले होते. त्यानंतर माणूस चंद्रावर जाऊन आला, संगणक खिशात मावू लागला. पण या गाठीवरचा मुख्य उपचार आजही किरणोपचार हाच आहे. त्याने काही महिने आराम पडतो. निदानानंतर निम्मी मुले वर्षही पुरे करत नाहीत आणि दोन वर्षांनंतर जिवंत असणारी मुले शंभरात दहासुद्धा नसतात.

मेंदूचा देठ म्हणजे श्वास, गिळणे, डोळ्यांची हालचाल यांच्या साऱ्या तारा जिथून जातात ती अरुंद जागा. गाठ त्या तारांत पाझरल्यासारखी पसरते, त्यामुळे ती कापून काढता येत नाही. एम. आर. आय. आल्यापासून चित्रावरूनच निदान होऊ लागले आणि तुकडा काढण्याची जोखीम डॉक्टरांनी घेणे सोडले. परिणाम असा झाला की कित्येक वर्षे या गाठीचा तुकडाच कोणाच्या हाती नव्हता; संशोधन कशावर करणार? ही कोंडी दोन मार्गांनी फुटली. फ्रान्समधील शल्यविशारदांनी बारीक सुईने सुरक्षितपणे तुकडा काढता येतो हे दाखवले. दुसरा मार्ग आईबापांनी उघडला. मूल गेल्यावर, त्या क्षणी, त्याच्या मेंदूतील गाठ संशोधनाला द्यायला अनेकांनी संमती दिली.

त्या तुकड्यांच्या वाचनाचे फळ जानेवारी २०१२ मध्ये दिसले. मेंफिस येथील सेंट ज्यूड रुग्णालय आणि माँट्रियल-हायडेलबर्ग येथील गट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच चूक शोधून काढली. सेंट ज्यूडच्या पाहणीत देठातील गाठींपैकी शंभरात ७८ गाठींत ती होती. चूक कुठे, तर एच-३ नावाच्या हिस्टोन प्रथिनाच्या जनुकात. ‘ए-ए-जी’ असे तीन अक्षरी शब्द हवा तिथे ‘ए-टी-जी’ झाला होता. एका अक्षराचा फरक! त्यामुळे प्रथिनाच्या शेपटीत २७व्या जागी लायसिन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनिन येऊन बसले.

हिस्टोन म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय यातील गांभीर्य कळणार नाही. दोन मीटरची ती फीत ज्या रिळांवर गुंडाळलेली असते ती रिळे म्हणजे हिस्टोन. पण रिळांचे काम नुसते गुंडाळण्याचे नाही. जुन्या दप्तरखान्यात कागद रुमालांत बांधून ठेवत, आणि ज्या रुमालाचे काम संपले त्यावर मोहोर लावून तो वरच्या फळीवर टाकत, तसेच काहीसे इथे चालते. बालपेशीला लागणारी जनुके पेशी प्रौढ झाली की बंद करायची असतात. त्यासाठी एक विकर रिळाच्या शेपटीवर नेमक्या २७व्या जागी रासायनिक मोहोर लावते. मोहोर लागली की तो मजकूर कोणी उघडत नाही. हे मोहोर लावणारे विकर ‘पॉलिकोम’ मंडळींपैकी आहे, आणि गंमत अशी की पॉलिकोमचा शोधही फळमाशीतच लागला. नराच्या पुढच्या पायांवर असणारे फणीसारखे केस भलत्या पायांवर उगवले, त्यावरून ते नाव पडले. केळ्यावरच्या या माशीचे बालरोगशास्त्रावर किती उपकार आहेत!

मोहोर लावायची जागाच बदलली तर त्या एका रिळावर मोहोर लागणार नाही, हे उघड आहे. पण माणसाला एच-३ ची पंधराच्या आसपास जनुके असतात आणि बिघडलेले असते त्यांतील एकच, तेही एका प्रतीत. उरलेल्या रिळांवर मोहोर लागायला हरकत काय? २०१३ साली न्यूयॉर्कमधील डेव्हिड ॲलिस यांच्या प्रयोगशाळेने उत्तर दिले. बिघडलेल्या शेपटीपाशी ते विकर अडते आणि त्याचे काम ठप्प होते. थोड्याशा नासक्या रिळांमुळे पेशीतील बहुतेक सगळ्या मोहरा पुसट होत जातात. मिटलेले रुमाल पुन्हा उघडतात, पेशी लहानपण विसरायलाच तयार होत नाही. मजकुरातील एका अक्षराने सगळ्या मजकुराच्या वाचनाची शिस्त मोडली. हिस्टोनमधील चुकीने माणसाला कर्करोग होतो, हे यापूर्वी कधी पाहण्यात आले नव्हते.

जागा आणि वेळ यांचे महत्त्वही याच जनुकाने दाखवून दिले. २७व्या जागची चूक मेंदूच्या मध्यरेषेवरील भागांत आणि बहुधा शाळकरी वयात गाठ करते. तीच शेपूट, पण ३४व्या जागी चूक झाली तर गाठ मोठ्या मेंदूच्या गोलार्धात आणि तरुण वयाच्या उंबरठ्यावर होते. सात जागांच्या फरकाने गाठीचे गाव आणि वय दोन्ही बदलते. देठातील काही गाठींत आणखी एक चूक सोबतीला असते. तीच चूक जन्मतः सर्व शरीरात असेल तर मुलाच्या स्नायूंचे हळूहळू हाड बनत जाते. त्या दुर्मिळ विकाराच्या मुलांत देठातील गाठीचे प्रमाण मात्र वाढलेले दिसत नाही. म्हणजे अक्षर तेच, पण ओळ दुसरी असली की अर्थ दुसरा.

मेंदूच्या मागील भागात तान्ह्या मुलांना होणारी एपेंडिमोमा ही गाठ याहून चमत्कारिक. २०१४ साली तिचा सगळा मजकूर वाचला, तर कुठल्याही मुलात वारंवार दिसणारी चूक अशी सापडेनाच. पुढे कळले की एरवी मिटलेले राहणारे एक जनुक तिच्यात उघडे असते आणि त्याचे प्रथिन एच-३ च्या बिघडलेल्या शेपटीची हुबेहूब नक्कल करते. तेच विकर, तशीच अडवणूक. अक्षर न चुकताही ‘ध’चा ‘मा’ होतो तो असा.

सगळेच चित्र काळे आहे असे वाचकांनी समजू नये. मुलांत सर्वांत अधिक आढळणारी मेंदूतील गाठ म्हणजे पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा, आणि ती मवाळ आहे. सातव्या गुणसूत्रावरील एक तुकडा दुबार छापला जातो आणि ‘बी-राफ’ नावाच्या जनुकाचे शेपूट दुसऱ्याच जनुकाच्या धडाला चिकटते, असे २००८ साली कळले. ही गाठ सावकाश वाढते, बऱ्याचदा आपणहून थबकते, आणि शस्त्रक्रियेने पुरती निघाली तर काम तिथेच संपते. जिथे ती निघत नाही तिथे २०२४ च्या एप्रिलपासून अमेरिकेत टोव्होराफेनिब हे बी-राफवरचे औषध मान्य झाले आहे.

जाता जाता शब्दांविषयी थोडे. आपल्या अंकाच्या कन्नड विभागात हा विषय आला असता तर जनुकाला ‘वंशवाही’ म्हटले असते. शब्द सुंदर आहे. पण त्यामुळे जनुकातील दोष म्हणजे वंशातला दोष, असे वाटण्याचा संभव आहे, आणि मराठीतही ‘जेनेटिक’ म्हटले की लोक आधी सुनेच्या माहेरची चौकशी करू लागतात. यांतील बहुतेक चुका आईकडून आलेल्या नसतात, बापाकडून नसतात. त्या मुलाच्या मेंदूतील एका पेशीत नव्याने झालेल्या असतात. मेड्युलोब्लास्टोमाच्या मुलांपैकी शंभरात पाच-सहा जणांत गाठीचे मूळ जन्मजात जनुकात सापडते; अशा घरी भावंडांची तपासणी करावी लागते, म्हणून तेवढी चौकशी डॉक्टर करतात. बाहेरच्या कारणांपैकी खात्रीचे असे एकच, डोक्यावर पूर्वी पडलेले तीव्र किरण. पाळण्यातून पडणे, ग्रहण, पपई यांचा काही संबंध नाही.

एक व्यावहारिक गोष्ट. सकाळी उठल्याबरोबर डोके दुखून उलटी होणे आणि ते आठवडेन् आठवडे चालू राहणे, चालताना तोल जाणे, डोळा नव्याने तिरळा होणे, ही लक्षणे एकत्र दिसली तर पोटाच्या औषधांवर महिने घालवू नयेत. डोकेदुखीच्या बहुतेक मुलांना गाठ नसते, हेही तितकेच खरे.

देठातील गाठीचे पुढे काय झाले? २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिचे वर्गीकरणच २७व्या जागच्या चुकीवरून केले. ऑगस्ट २०२५ मध्ये डॉर्डाव्हिप्रोन हे, ही चूक असलेल्या गाठींसाठीचे पहिलेच औषध अमेरिकेच्या नियामक संस्थेने सशर्त मान्य केले. उपचारांनंतर गाठ पुन्हा वाढलेल्या ५० रुग्णांची माहिती त्यासाठी पाहिली गेली. त्यांत मुलेही होती आणि मोठी माणसेही. ११ जणांची गाठ लक्षणीय आटली, उरलेल्या ३९ जणांची नाही. तेच औषध किरणोपचार संपताच, गाठ पुन्हा डोके वर काढण्यापूर्वी दिले तर काय होते, याची मोठी चाचणी निरनिराळ्या देशांत चालू आहे.